अमेरिकेच्या दक्षिणेतले कर्मठ घर: बाहेर कसे पडावे आणि परत कसे जावे

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत, म्हणजे टेक्सासपासून दोन्ही कॅरोलिनांपर्यंतच्या ज्या पट्ट्याला ‘बायबल बेल्ट’ म्हणतात तिथे, कर्मठ ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला घर सोडणे जड जाते आणि वर्षांनंतर त्याच दारात पुन्हा उभे राहणे त्याहून जड जाते. माझे सासर दक्षिण जॉर्जियातल्या एका लहान गावात आहे, आणि ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांतही जावई किंवा सून अशा घरातून बाहेर पडून आलेली आहे. त्यामुळे हे मार्गदर्शन दोघांसाठी लिहीत आहे: जो निघाला आहे किंवा परतण्याचा विचार करतो आहे त्याच्यासाठी, आणि त्याच्याबरोबर त्या घरी जाणाऱ्या मराठी जोडीदारासाठी. पुढे ‘तुम्ही’ म्हटले आहे ते मुख्यतः घर सोडलेल्या माणसाला उद्देशून आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की घरच्यांची संमती आणि घरच्यांशी संबंध या दोन गोष्टींची गाठ बांधू नये. निघताना संमतीची वाट पाहत बसू नये आणि परतताना ‘आधी माझे म्हणणे मान्य करा’ अशी अट घालू नये. अनेक कुटुंबे वर्षानुवर्षे तुटलेली राहतात ती मतभेदामुळे कमी आणि मतभेद मिटल्याशिवाय भेटायचेच नाही या हट्टामुळे अधिक, असे मला दिसले आहे. याला अपवाद आहे. ज्या घरात मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा जिवाची धमकी आहे तिथे परतण्याचे कोणतेही कर्तव्य तुमच्यावर नाही, आणि पुढचा परतीविषयीचा भाग तुम्ही खुशाल सोडून द्यावा. मन फार खचले असेल तर अमेरिकेत कुठूनही ९८८ या क्रमांकावर फोन किंवा संदेश करता येतो. ही सेवा २०२२ पासून त्या क्रमांकावर उपलब्ध आहे.

आधी घर समजून घ्यावे

निघण्यापूर्वी आपल्या घराचा कर्मठपणा नेमका कशाचा आहे हे शांतपणे तपासावे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना १८४५ साली जॉर्जियातल्या ऑगस्टा येथे स्थापन झाली, आणि गुलाम बाळगणाऱ्या माणसाला धर्मप्रचारक नेमावे की नाही या वादातून ती उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांपासून वेगळी झाली. त्या इतिहासाबद्दल तिने १९९५ साली ठराव करून माफी मागितली. १९९८ साली मात्र तिने आपल्या श्रद्धापत्रात पत्नीने पतीच्या अधीन राहावे असे कलम घातले आणि २००० साली पाळकाचे, म्हणजे चर्च चालवणाऱ्या धर्मगुरूचे, पद पुरुषांपुरते राखले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की अशा घरात वंश, स्त्री-पुरुष संबंध, धर्म आणि राजकारण हे सगळे एकाच गाठोड्यात मिळालेले असते आणि मुलाला ते एकसंध वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे एका चर्चमध्ये जमणारा समुदाय, आपला कारभार स्वतः पाहते, त्यामुळे एका गावातली मंडळी आणि वीस मैलांवरची मंडळी यांच्यात पुष्कळ अंतर असू शकते. कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांतही घरगुती शिस्त तितकीच कडक असू शकते, पण तिथे चर्च हा नागरी हक्कांच्या लढ्याचाही आधार होता, त्यामुळे तिथून बाहेर पडणाऱ्याला आपण आपल्या माणसांच्या लढ्याकडेच पाठ फिरवतो आहोत असे वाटण्याची शक्यता असते.

याहून महत्त्वाची गोष्ट आईवडिलांच्या मनाची आहे. ज्यांचा तारणावर, म्हणजे ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्यालाच मृत्यूनंतर उद्धार मिळतो यावर, अक्षरशः विश्वास आहे त्यांच्या लेखी मुलाने श्रद्धा सोडणे म्हणजे केवळ मत बदलणे नव्हे. मृत्यूनंतर हे मूल आपल्याला पुन्हा कधीही भेटणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्यांचा राग, पानेच्या पाने भरून लिहिलेली पत्रे, रात्री उशिरा येणारे फोन, पाळकाला मध्ये घालण्याचे प्रयत्न, हे सगळे बहुधा त्या दुःखातून येते. हे समजल्याने तुमच्यावरचे दडपण योग्य ठरत नाही, पण उत्तर देताना तुमचा स्वर बदलतो. दुसरा मोठा भाग लोकलज्जेचा असतो, आणि तो मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. लहान गावात मुलगा रविवारी दिसला नाही तर सोमवारी किराणा दुकानात आईला विचारणा होते.

निघण्यापूर्वी

कायद्याने सज्ञान होण्याचे वय सगळीकडे १८ नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे. अलाबामात ते सर्वसाधारणपणे १९ आणि मिसिसिपीत २१ आहे. काही व्यवहारांना तिथेही १८ वर्षे पुरतात, म्हणून भाडेकरार किंवा कर्ज याविषयी त्या राज्याचा नियम आधी विचारून घ्यावा. जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत, सोशल सिक्युरिटी कार्ड, लसीकरणाची नोंद आणि शाळेचे गुणपत्रक ही कागदपत्रे स्वतःच्या ताब्यात हवीत. ज्यांचे शिक्षण घरीच झाले त्यांनी गुणपत्रकाची विशेष काळजी घ्यावी, कारण टेक्साससारख्या राज्यात घरी शिकवणाऱ्या पालकांना राज्याकडे नोंदणीही करावी लागत नाही आणि पुष्कळदा तुमच्या शिक्षणाचा एकमेव पुरावा म्हणजे आईने सही केलेला कागद असतो. तो संबंध चांगले असतानाच मागून घ्यावा आणि त्याच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात.

पैशांच्या बाबतीत, लहानपणी काढलेल्या बँक खात्यावर पालकाचे नाव असते आणि त्यातून त्यांना पैसे काढता येतात, म्हणून स्वतःच्या एकट्याच्या नावाचे खाते दुसऱ्या बँकेत उघडावे. फोन कुटुंबाच्या प्लॅनवर असेल तर तुम्ही कुठे आहात हे घरी दिसत राहते, त्याचाही विचार करावा. कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज करताना साधारणपणे २४ वर्षांखालच्या अविवाहित विद्यार्थ्याला पालकांच्या उत्पन्नाची माहिती द्यावी लागते, आणि पालक पैसे देत नाहीत एवढे कारण त्यातून सूट मिळायला पुरत नाही. मात्र घरातून हाकलले गेले असेल किंवा छळ झाला असेल तर कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाकडे विशेष परिस्थिती म्हणून विनंती करता येते. तिथे शिक्षक, समुपदेशक किंवा नातेवाइकाचे लेखी निवेदन उपयोगी पडते, आणि ते घटना ताजी असताना घेतलेले बरे.

पालकांच्या आरोग्यविम्यावर २६ वर्षे पूर्ण होईपर्यंत राहता येते आणि ही सोय रागाच्या भरात सोडू नये. फक्त एवढे ध्यानात ठेवावे की उपचारांचा हिशेब विमा ज्याच्या नावावर आहे त्याच्या पत्त्यावर जातो. आपण मानसोपचार घेत आहोत हे घरी कळल्याने धोका असेल तर विमा कंपनीला लेखी कळवून आपली पत्रे वेगळ्या पत्त्यावर मागवता येतात. मानसोपचारक निवडताना तो राज्याचा परवाना असलेला आहे ना, हे तपासावे. चर्चतर्फे समुपदेशन करणाऱ्या सगळ्यांकडे तसा परवाना असेलच असे नाही, आणि ज्या प्रश्नावर चर्चशीच मतभेद आहे त्यावर चर्चचाच माणूस तटस्थ राहील अशी अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

प्रत्यक्ष निघताना तत्त्वाची घोषणा करू नये. नोकरी मिळाली आहे, शिक्षणासाठी जात आहे, हे खरे आणि पुरेसे कारण आहे. श्रद्धेविषयीचे बोलणे स्वतःचे घरभाडे स्वतः भरू लागल्यावर करावे. ते बोलणे टाळावे असे मी म्हणत नाही. पायाखाली जमीन नसताना केलेले बोलणे भांडणात बदलते आणि मग त्या भांडणाचीच आठवण दोन्ही बाजूंना उरते, एवढेच मला सांगायचे आहे. मंडळीच्या नोंदवहीतून नाव काढायचे असेल तर दोन ओळींचे सभ्य पत्र पुरते, त्यात कारणमीमांसा लिहिण्याचे बंधन नाही. आजी असेल तर तिला वेगळे पत्र लिहावे, शक्यतो हाताने. घरात आईवडिलांशी बोलणे बंद पडले तरी आजीकडे किंवा एखाद्या मावशीकडे पोचणारी वाट उघडी राहते, आणि पुढे परतीचा निरोप बहुधा त्याच वाटेने जातो.

घर सोडणे म्हणजे दक्षिण सोडणे असेच नाही. अटलांटा, नॅशव्हिल, ऑस्टिन, शार्लट ही शहरे त्याच राज्यांत आहेत आणि गावापासून काही तासांच्या अंतरावर आहेत. माझा कल अशा अंतराकडे आहे, कारण तिथून आजारपणात एका दिवसात घरी पोचता येते आणि एरवी कोणी न सांगता दारात येऊन उभे राहत नाही.

बाहेर असताना

शिकागो, बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी गेल्यावर तुमच्या बोलण्यातला हेल लोकांना लगेच कळतो आणि त्यावरून तुमच्या बुद्धीविषयी अंदाज बांधले जातात. त्या वेळी एक मोह होतो: आपल्या घरच्यांचे किस्से रंगवून सांगायचे, ऐकणाऱ्यांना हसवायचे आणि आपण त्यांच्यातले नाही हे सिद्ध करायचे. हा मोह आवरावा. ज्या बाईने तुम्हाला वाचायला शिकवले तिची नक्कल दहा अनोळखी माणसांसमोर केल्यावर तिच्या डोळ्यांत बघून बोलणे अवघड होते, आणि परतण्याची वाट बंद होण्याचे ते एक न दिसणारे कारण असते. घरी जे चुकीचे घडले ते जवळच्या मित्राला किंवा मानसोपचारकाला गांभीर्याने सांगावे. त्याचा खेळ करू नये.

शाळेत शिकवलेला इतिहास मात्र स्वतः पुन्हा वाचावा. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्याच सुट्टीला यादवी युद्धात गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणेच्या (कॉन्फेडरेट) बाजूचे सेनापती रॉबर्ट ई. ली यांचीही जयंती जोडलेली आहे. ज्याने ती सुट्टी लहानपणापासून एकच मानली त्याला त्यातली विसंगती बाहेर गेल्यावर दिसते. मॉंटगोमरी येथे २०१८ साली झुंडबळींचे राष्ट्रीय स्मारक उघडले, तिथे टांगलेल्या पोलादी खांबांवर जिल्ह्यांची नावे आणि त्या त्या जिल्ह्यात मारल्या गेलेल्यांची नावे कोरलेली आहेत. आपल्या जिल्ह्याचे नाव तिथे शोधावे. हे परतण्यापूर्वी केलेले बरे, म्हणजे ती गोष्ट प्रथमच कळल्याचा धक्का जेवणाच्या टेबलावर वडिलांवर निघत नाही.

संपर्क तुटू द्यायचा नसेल तर तो लहान आणि नियमित ठेवावा. वाढदिवसाचे कार्ड, बागेतल्या टोमॅटोंची चौकशी, पावसाची चौकशी, पुतण्याच्या सामन्याचा निकाल. असल्या विषयांना किरकोळ समजू नये, कारण दक्षिणेतल्या घरांत माया याच विषयांतून बोलली जाते.

पहिली भेट

पहिल्या भेटीसाठी थॅंक्सगिव्हिंग किंवा नाताळ निवडू नये. त्या दिवशी घरात सगळी भावंडे, काका-काकू आणि सगळ्यांच्या अपेक्षा एकदम असतात. साधा शनिवार-रविवार घ्यावा, किंवा त्याहून बरे म्हणजे आठवड्याचे मधले दोन दिवस. मात्र बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते हे विसरू नये. आईला आधी फोन करून ‘अमुक तारखेला येऊ का’ असे विचारावे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच, कारण लहान गावांत सार्वजनिक वाहन नसते आणि निघून जाण्याची सोय आपल्या हातात असली की माणूस शांत राहतो. मुक्काम मोटेलमध्ये करावा. यावरून आईला वाईट वाटेल, तेव्हा ‘मॉमा, सकाळच्या कॉफीला मी तुझ्याकडेच येणार आहे’ असे सांगावे आणि खरोखर सकाळी सातला जावे. पहिल्या वेळी दोन रात्री पुरतात; कधी निघणार हे आल्याआल्या सांगून ठेवावे, म्हणजे मध्येच उठून जाण्याला रागाचा अर्थ चिकटत नाही.

वागण्यातल्या लहान गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत, पण बाहेर राहून त्या सुटलेल्या असतात. वडीलधाऱ्यांना ‘येस मॅम’, ‘नो सर’ म्हणावे, शेजारच्या बाईंना पहिल्या नावामागे ‘मिस’ लावून हाक मारावी, घरात टोपी काढावी, रस्त्यावर समोरून आलेल्या गाडीला स्टिअरिंगवरची बोटे उचलून ओळख द्यावी. यात कोणत्याही मताचा त्याग नाही. गावात दोन प्रश्न हमखास येतात, तुम्ही कोणाच्या घरातले आणि कोणत्या चर्चला जाता. पहिल्याचे उत्तर भरपूर द्यावे, आजोबांच्या नावापर्यंत जावे. दुसऱ्याला ‘सध्या कुठेच जात नाही, पण मॉमाचे चर्च कसे चालले आहे?’ एवढे खरे उत्तर पुरते.

जेवणापूर्वीच्या प्रार्थनेविषयी पुष्कळ जण विनाकारण धास्तावलेले असतात. आमच्या सासरी टेबलाभोवती सगळे हात धरून उभे राहतात, सासरे डोळे मिटून बोलतात, आणि प्रार्थना संपताना शेजारचा माणूस हात हलकेच दाबून सोडतो. त्या वेळी हात धरून गप्प उभे राहिल्याने कोणी खोटा ठरत नाही. तुम्हालाच प्रार्थना करायला सांगितली तर ‘डॅडी, तुम्हीच करा, तुमच्या तोंडून ऐकायची आहे’ असे म्हणावे; मनापासून म्हटले तर ते खरेही असते.

रविवारचा निर्णय शनिवारी दुपारच्या आत सांगावा. जायचे नसेल तर कारणे न देता ‘मी घरी थांबून जेवण तयार ठेवतो’ असे म्हणावे आणि तसे करावे. जायचे असेल तर हेही लक्षात ठेवावे की उपासनेच्या शेवटी पाळक लोकांना पुढे येण्याचे आवाहन करतात, आणि तुम्ही आलेले पाहून ते आवाहन त्या दिवशी जरा लांबण्याची शक्यता आहे. जागेवर उभे राहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. प्रभुभोजनाचे, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ वाटल्या जाणाऱ्या भाकरीचे, ताट पुढे देऊन टाकणे यातही अपमान नाही, कारण ज्याची श्रद्धा नाही त्याने ते घेऊ नये असेच त्या मंडळीचे स्वतःचे शिक्षण असते.

राजकारणासाठी एक वाक्य तयार ठेवावे आणि तेच प्रत्येक वेळी, त्याच आवाजात म्हणावे: ‘डॅडी, यावर आपले पटणार नाही, आणि मी तुम्हाला भेटायला आलो आहे.’ यानंतर लगेच दुसरा विषय द्यावा लागतो, नाहीतर वाक्य ताठर वाटते. ट्रकची दुरुस्ती, मासेमारी, शेजाऱ्याचा कुत्रा, काहीही चालते. दिवसभर चालू असलेला बातम्यांचा टीव्ही बंद करायला सांगू नये, फक्त जेवणाच्या वेळेपुरती विनंती करावी. मात्र तुमच्या जोडीदाराविषयी, मुलांविषयी किंवा कोणत्याही वंशाच्या माणसांविषयी अपमानाचे बोलणे झाले तर हे वाक्य पुरत नाही. तिथे ‘माझ्यासमोर असे बोलू नका’ असे स्पष्ट म्हणावे आणि पुन्हा झाले तर आवाज न चढवता निघून मोटेलवर जावे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करावा. निघून जाणे आणि फोन करणे या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच घरच्यांना कळते की मर्यादा पक्की आहे आणि नातेही पक्के आहे.

मराठी जोडीदाराने काय करावे

अमेरिकेत वेगळ्या वंशाच्या जोडप्यांच्या विवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली लव्हिंग खटल्यात रद्द केली, पण अलाबामाच्या राज्यघटनेतले तसे कलम प्रत्यक्षात २००० सालच्या मतदानाने निघाले आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मते ते काढण्याच्या विरोधात पडली. म्हणजे ज्यांनी त्या वेळी मत दिले ती माणसे आजही त्या टेबलांभोवती बसलेली आहेत. हे मनात ठेवून जावे, पण प्रत्येक चेहऱ्यावर ते मत शोधत बसू नये.

शाकाहारी असाल तर तसे आठवडाभर आधी सासूबाईंना सांगावे, आणि भाज्यांचाही वेगळा उल्लेख करावा. तिथली कॉलर्डची पालेभाजी, शेंगा आणि चवळीसारखे दाणे बहुधा डुकराच्या हाडाबरोबर किंवा बेकनबरोबर शिजवतात, आणि मक्याच्या पावातही ती चरबी असू शकते; वाढणाऱ्या बाईच्या दृष्टीने मात्र ती भाजीच असते. स्वतः एक पदार्थ करून न्यावा, तिखट बेताचे ठेवावे आणि उरलेला पदार्थ तिथेच ठेवून यावा. धर्माविषयी प्रश्न आले तर ते बहुधा कुतूहलाचे असतात. वाद न घालता आपल्या घरी काय करतो ते साधेपणाने सांगावे.

मुले असतील तर उन्हाळ्यात चर्चमध्ये भरणाऱ्या बायबल शाळेचा विषय निघणारच. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, मूल स्वतः श्रद्धा जाहीर करू शकेल अशा वयाची वाट पाहतात, आणि अशा जाहीर करण्याचे निमंत्रण त्या शाळेतही दिले जाते. मुलांना पाठवण्यात मला स्वतःला गैर वाटत नाही. तिथे गाणी, खेळ आणि आजीचा सहवास असतो. पण ‘आम्हाला विचारल्याशिवाय बाप्तिस्म्याचा निर्णय नको’ हे आजीआजोबांना आणि शिकवणाऱ्या बाईंना आधीच, आणि ज्याचे ते आईवडील आहेत त्याने स्वतः सांगावे. सुनेने किंवा जावयाने हे सांगण्याची पाळी येऊ देऊ नये.

मृत्यूमुळे परतावे लागले तर

पुष्कळांची पहिली परत खेप ठरवून होत नाही, फोन येतो आणि निघावे लागते. अशा वेळी दक्षिणेतली माणसे जे करतात ते मला फार मोलाचे वाटते. बातमी कळल्यापासून काही तासांत घरात जेवण येऊ लागते: कॅसरोल, भरलेली अंडी, हॅम, पाउंड केक. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर घरमालकिणीचे नाव लिहिलेले असते, म्हणजे भांडे परत करता येते. तुम्ही वर्षांनंतर आलेले असाल आणि घरात नेमके काय करावे हे कळत नसेल, तर ही भांडी तुमच्या हाती घ्या. वहीत कोणी काय आणले ते लिहा, धुऊन ठेवा, आणि अंत्यविधीनंतर घरोघरी पोचवा. त्या निमित्ताने तुम्ही प्रत्येक दारात जाता, प्रत्येक जण दोन शब्द बोलतो, आणि तुम्ही इतकी वर्षे कुठे होता हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी बहुधा फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या संस्थेच्या जागेत, भेटीची वेळ असते. कुटुंब ओळीत उभे राहते आणि गाव येऊन जाते. ओळीत तुमची जागा कुठे आणि तुमच्या जोडीदाराची कुठे हे भावंडांशी आधी ठरवावे. जोडीदाराला ओळीबाहेर ठेवायला सांगितले तर मृतदेहासमोर वाद न घालता, आपणही त्याच्या शेजारी बाहेर उभे राहावे. अंत्ययात्रा रस्त्याने निघाली की समोरून येणाऱ्या अनोळखी गाड्याही कडेला थांबतात. त्या दिवसांत मालमत्ता, जुनी पत्रे किंवा कोण काय बोलले होते यातले काहीही काढू नये.

कायमचे परतायचे असेल तर

दक्षिणेत परतणे ही मोठी जुनी वाट आहे. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकन दक्षिण सोडून उत्तरेत आणि पश्चिमेत गेले, आणि १९७० च्या दशकापासून हा प्रवाह उलटा फिरून त्यांची मुले-नातवंडे अटलांटा, ह्यूस्टन, शार्लट या भागांत परतू लागली. तेव्हा परतण्याला हार समजू नये. पण भावनेच्या भरात सामान बांधण्याआधी राज्याचे नियम पाहावेत, कारण राज्याची सीमा ओलांडली की पुष्कळ गोष्टी बदलतात.

गरिबांसाठीचा मेडिकेड विमा एका राज्यातून दुसऱ्यात नेता येत नाही. नॉर्थ कॅरोलिनाने २०२३ च्या डिसेंबरात आणि लुइझियानाने २०१६ साली त्याची व्याप्ती वाढवली, पण टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी आणि साउथ कॅरोलिना यांनी ती वाढवलेली नाही, आणि जॉर्जियाने कामाच्या अटीसह अंशतःच वाढवली आहे. तिथे कमी उत्पन्नाच्या, मुले नसलेल्या प्रौढाला बहुधा हा विमा मिळतच नाही. आधीचा विमा असलेल्याला नव्या राज्यात सरकारी विमा-बाजारातून (मार्केटप्लेस) विमा घ्यायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. ती चुकवू नये. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी यांचा स्वतःचा किमान वेतनाचा कायदा नाही, त्यामुळे तिथे २००९ पासून न बदललेला केंद्राचा तासाला ७.२५ डॉलरचा दर लागू आहे. केवळ आजारी आईवडिलांसाठी काही काळ यायचे असेल तर नोकरी सोडण्यापूर्वी १९९३ च्या कौटुंबिक रजा कायद्याची चौकशी करावी; ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाकडे वर्षभर पुरेसे काम केलेल्याला त्यात १२ आठवड्यांची बिनपगारी, पण नोकरी राखणारी रजा मिळते.

समलिंगी जोडप्याचा विवाह २०१५ च्या ओबर्गफेल निकालापासून देशभर वैध आहे, आणि समलिंगी किंवा ट्रान्स असल्यामुळे नोकरीवरून काढता येत नाही हा २०२० चा निकाल ज्या खटल्यांत लागला त्यांतला एक जॉर्जियाच्या क्लेटन जिल्ह्यातला होता. तरीही आजारपणात निर्णय कोणी घ्यावा याचे अधिकारपत्र करून गाडीत एक प्रत ठेवावी, आणि मूल दोघांपैकी एकाचेच जैविक असेल तर दुसऱ्याच्या नावे न्यायालयाचा दत्तक आदेश घ्यावा. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर गर्भपाताचा विषय राज्यांवर सोपवणाऱ्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर त्या राज्यात गर्भपाताविषयी काय कायदा आहे आणि प्रसूतीची सोय असलेले जवळचे रुग्णालय किती दूर आहे, हे दोन्ही पाहूनच गाव निवडावे.

घर मात्र वेगळे करावे. आईवडिलांच्या घरापासून वीस-तीस मिनिटांचे अंतर उत्तम. त्याच गल्लीत राहू नये. जॉर्जियातले अथेन्स, मिसिसिपीतले ऑक्सफर्ड, आर्कान्सातले फेएटव्हिल अशी विद्यापीठाची गावे कर्मठ परिसरातही मोकळी असतात. चर्च हवे असेल तर तेही नव्याने निवडता येते. युनायटेड मेथडिस्ट चर्च या दुसऱ्या मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने २०२४ साली शार्लट येथे समलिंगी पाळकांवरची बंदी उठवली, आणि त्याआधीच्या काही वर्षांत त्या मतभेदावरून हजारो मंडळ्या बाहेर पडल्या. त्यातल्या अनेक २०२२ साली स्थापन झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चमध्ये गेल्या. म्हणून गावातल्या मेथडिस्ट चर्चच्या पाटीवर आता कोणते नाव आहे ते वाचूनच आत जावे.

जमिनीचा प्रश्न शेवटी घेतो आहे, पण परतल्यावर तो सर्वांत आधी हाती घ्यावा. दक्षिणेत, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, पणजोबांच्या नावावरची जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या वारसांची सामायिक म्हणून चालत येते. अशा जमिनीतला कोणताही एक वाटेकरी आपला हिस्सा परक्याला विकू शकतो आणि तो परका न्यायालयातून सगळ्या जमिनीचा लिलाव घडवू शकतो; अनेक कुटुंबांच्या जमिनी याच मार्गाने गेल्या. याला आळा घालणारा नमुना कायदा २०१० साली तयार झाला. जॉर्जियाने तो २०१२ साली आणि अलाबामाने २०१४ साली स्वीकारला. साउथ कॅरोलिनाने तो २०१६ साली क्लेमेंटा पिंकनी यांच्या नावाने केला. ते राज्याचे सिनेटर आणि चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चचे पाळक होते, आणि २०१५ साली त्या चर्चमध्ये झालेल्या गोळीबारात मारले गेले. या कायद्यामुळे विक्रीआधी स्वतंत्र मूल्यमापन होते आणि इतर वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी मिळते, पण वारस कोण हे सिद्ध करण्याचे काम कुटुंबालाच करावे लागते.

त्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टहाउसमध्ये जाऊन शेवटचे नोंदलेले खरेदीखत कोणाच्या नावावर आहे ते काढावे, मालमत्ता कर कोण भरतो आहे ते पाहावे आणि थकला असेल तर ताबडतोब भरावा. मग घरातल्या सर्वांत वयस्क आत्याबरोबर बसून पणजोबांपासूनची सगळी नावे, लग्ने, मृत्यूची वर्षे आणि कोण कुठल्या गावी गेले ते लिहून घ्यावे. डेट्रॉइट किंवा शिकागोला गेलेल्या भावंडांची मुलेही त्यात येतात, आणि त्यांचे पत्ते आत्याच्या नाताळच्या कार्डांच्या डब्यात बहुधा सापडतात. ही यादी घेऊन सामायिक वारसा जमिनीची प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाकडे जावे. चार्ल्सटनमध्ये याच कामासाठी सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्वेशन ही संस्था आहे. इतर राज्यांत कायदेशीर मदत केंद्रे किंवा कायद्याच्या महाविद्यालयांतले विभाग विचारून पाहावेत. बाहेर असताना आत्याला पत्रे पाठवायचे तुम्ही चुकवले नसेल तर ती यादीसाठी नक्की बसेल, आणि ही यादी आत्या हयात असताना, तिचे स्मरण शाबूत असतानाच तिच्याकडून घ्यायची आहे.